मूळभात

"थुंकून टाकायचास ना मग तो घास!"

"तुझ्या बापाला थुंकून टाकू?"

"झालं! आला बा मध्ये." सेंदीनं पातेलं चुलीवरून उतरवून आदळलं. "हळू बोल आई, बाहेर पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना काय कळतंय! माझी माणसं खाऊन ढेकर देतायत ते."

लुलोंग म्हातारीचे डोळे आता धुरकटले होते, जीभ मात्र शाबूत होती. गवाईचा, कापणीनंतरचा सण. लांबघराच्या, म्हणजे सगळ्या कुटुंबांच्या सामाईक ओसरीवर पंगतीत बसून तिनं पहिला घास तोंडात घातला आणि तिचा हात पानावरच थांबला. तशीच उठून ती आत चुलीपाशी आली होती. हा बाजारचा तांदूळ नव्हता. हे घरचं मूळभात होतं.

मूळभात प्रत्येक घराचं आपापलं. शेताच्या मधोमध पेरायचं, सगळ्यांत शेवटी कापायचं, खायचं ते घरातल्यांनीच. मेलेलं माणूस शेवटी दव होतं, दव त्या भातात उतरतं, आणि आपलीच माणसं आपल्या पोटात परत येतात. ती परक्याच्या पानात कशी वाढायची?

पण सकाळी पाहुण्यांना कांडण्याची हौस आली होती. लांबघरात मुक्कामाला आलेली ही परदेशी पोरं, त्यांना सगळंच करून बघायचं असतं. घरात कांडायला भात होतं कुठं? तांदूळ आता पिशवीतून येतो. सेंदी आत गेली आणि भात आणून उखळात ओतलं. कुठलं, ते लुलोंगला दिसलं नाही. कितीतरी वर्षांनी मुसळाचा आवाज घुमला म्हणून ती उलट खुशीत होती. एका पोरीचे हात धरून तिनंच शिकवलं, "अगं, साप मारतेस का? उचल आणि सोड. त्याचं ते पडतं." पोरीला शब्द कळले नाहीत, हात कळला. सगळे हसले. लुलोंग सगळ्यांत जास्त.

"मी अर्धंच काढणार होते," सेंदी म्हणाली. "ते थांबेचनात, बियाण्याचं सगळंच गेलं. एक फोटो झाला की आणखी एक फोटो. पुरे कसं म्हणू? त्यांच्या येण्यावर चूल पेटते आपली."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"मुसळाखाली हात दिला असता माझा."

सगळ्या भावंडांत आईनं लुलोंगलाच घरी ठेवून घेतलं होतं, आणि बियाण्याची वेताची टोपली तिच्या हाती दिली होती. पेरणीला पुरुष काठ्यांनी भोकं पाडत पुढं जायचे, बाया मागून बी टाकायच्या. नदीपलीकडचा मेलिंग तिच्या पुढं मुद्दाम भराभर चालायचा.

"पेरतेस की दाण्यांची नावं विचारतेस?"

"त्यांची नावं पाठ आहेत मला. तुझंच तेवढं विसरले."

कापणी झाली आणि तो घरजावई होऊन आला. मग जन्मभर त्यानं भोक पाडायचं, तिनं बी टाकायचं. तो गेला तेव्हा लुलोंग रडली, पण पुढच्या कापणीपर्यंतच. नव्या भाताचा पहिला घास गिळला आणि म्हणाली, "आला."

"आणि आग लागली तेव्हा?" सेंदीचा आवाज एकदम खाली आला. "लांबघर पेटलं तेव्हा तू आधी टोपली उचललीस. मग मला."

"कोण म्हणालं?"

"बा."

मेलिंगनं सांगितलं होतं तर. खोटं नव्हतं ते. झोळीतली पोर रडत होती, म्हणजे जिवंत होती. टोपलीला रडता येत नव्हतं. एवढंच आलं होतं लुलोंगच्या मनात त्या धुरात.

"दादा मिरीला, शहरात गेला, मी राहिले," सेंदी म्हणाली. "तुझे डोळे गेले तेव्हापासून भोक मीच पाडते, बी मीच टाकते. टोपलीला कीड लागली का, रोज विचारतेस. माझी कंबर कशी आहे, विचारलंस कधी?"

लुलोंग उठली. खाचा पाडलेल्या ओंडक्याच्या शिडीवरून चाचपडत खाली उतरली, खांबांवर उभ्या ओसरीच्या खाली शिरली. वर घंटा वाजत होत्या, नाचणाऱ्यांच्या पायांनी फळ्या हलत होत्या. सकाळी उखळातून उडालेले दाणे फटींतून इथंच पडले असणार. कोंबड्यांना हाकलत, गुडघ्यांवर बसून ती चिखलावर हात फिरवत राहिली. सालासकट दाणा आहे की रिकामं टरफल, बोटांना कळत होतं.

ती वर आली तेव्हा सेंदी भांडी घासत होती. लुलोंगनं तिच्यापुढं तळहात उघडला. धड मूठभरही नव्हते दाणे.

"कोंबड्यांनी ठेवलेत एवढे," ती म्हणाली. "पेरशील?"

सेंदीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि... कंबर कशी आहे गं?"

बाहेरून हाक आली, पाहुण्यांना तुआक हवी होती. सेंदीनं नेसूच्या कापडाला हात पुसले. आईच्या चिखलानं भरलेल्या नखांकडं ती बघत राहिली. मग दारूचा घडा काखेत घेऊन ती ओसरीवर निघून गेली.