घोड्याचं सीरम

आईच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मी अमरावतीच्या कॉलेजात शिकत होते. साठ सालानंतरची गोष्ट. मीच तिला अकोल्याच्या एका बड्या डॉक्टरकडे नेलं. तो इंग्रजी झाडायचा, एवढ्यावरच मी भुलले होते. घोड्याच्या रक्तातून काढलेलं आपलं सीरम फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, असं तो ठासून सांगायचा.

आईने विचारलं, "डॉक्टरसाहेब, गाठ बी माह्याच मांसाची आहे. मंग तुमचं औषध तिले ओयखते कसं?"

तो खो खो हसला. "बाई, तुम्हाला ते कळायचं नाही."

कळत त्यालाही नव्हतं. काही गाठींच्या पेशींवर वाढीचा हुकूम झेलणारं एक प्रथिन फार दाट असतं आणि औषधातल्या अँटिबॉडीने नेमकं तेच धरायचं असतं, हे जगाला उमगायला पुढे कितीतरी वर्षं लागली. पण त्या ढोंग्याला निदान 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. आणि मी? आईच्या वऱ्हाडीची लाज वाटून खाली बघत बसले.

पहिल्या सुईनंतर आठवड्याभरात आईच्या अंगावर गांधी उठल्या, सांधे सुजले. "औषध लागू पडतंय," तो म्हणाला. दुसऱ्या सुईच्या वेळी आईने दंड पदराखाली झाकला. "तुमच्या घोड्याले गाठ कुठी आहे ते समजलं नाई," ती म्हणाली आणि उठली.

नागपूरला ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. वर्षभरात ती गेली. तो डॉक्टर नंतर एकदा बाजारात भेटला, तेव्हा मी सवयीने त्याला नमस्कार केला. त्या नमस्काराची मला आजही किळस वाटते.