गयाबाईंचं पथ्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून उभी उमर काढली, त्यांना तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं होतं ते त्यांनाच. ते गेले. आता तुम्हीच भेटलात. बसा जरा. एका बाईबद्दल सांगायचंय. माझंही त्यात येईल — टाळत टाळत, पण येईल.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मंठ्याला आमचा दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर. मी तिशीतला. बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवायच्या, पुड्या बांधायच्या, आणि लघवीतली साखर तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, मग विटकरी — जितका रंग चढेल तितकी साखर. तपासायला आलेली माणसं त्या नळीकडं बघत उभी राहायची, आणि मला आपण अर्धे डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं.

गयाबाई आल्या तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. चार कोसांवरच्या गावातल्या, बौद्ध वस्तीतल्या. सगळं गाव त्यांना गयामाय म्हणायचं. धम्म घेतला त्या साली त्यांनी जातीवर लादलेलं गावकीचं काम एका दिवसात बंद केलं होतं. गावानं मजुरी बंद केली, तर शेजारच्या गावी चालत जाऊन निंदणी-खुरपणी केली, पण परत त्या कामाला गेल्या नाहीत. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलीला, शांताला, त्यांनी शिकवून मास्तरीण केलं. शांताबाई मंठ्याच्याच शाळेत होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसली ती एक उंच, वाळत चाललेली म्हातारी. तहान भागत नाही, पाठीत कळ येते, लुगडं सैल होऊन राह्यलं, असं सांगणारी.

नळी विटकरी झाली. घरात कुणाला साखर नाही, आधी कधी काही नाही — एकाएकी ही एवढी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. गूळ बंद, भात बंद, भाकरी मोजून.

आणि त्यांनी ते असं पाळलं की — काय सांगू? पुढं इतके साखरेचे पेशंट पाहिले, तसं एकानंही पाळलं नाही. एक वाटी ठरवली होती, पीठ त्याच वाटीनं. चहा कोरा. दर आठवड्याला चार कोस चालत येणार आणि नळीकडं मास्तरासारखं बघत उभ्या राहणार. एकदा मी सहज विचारलं, गुळाची आठवण येत नाही का तुला? — हो, मी त्यांना अगं-तुगंच करायचो. माझ्या आईच्या वयाच्या बाईला. त्याच बाकावर बसणाऱ्या पाटलांना अहो-जाहो.

त्या हसल्या. "गूळ मला लई आवडतो, भाऊ. म्हणून तर सोडला. नावडतं सोडायला काय लागतं?"

मग एक दिवस ते झालं. दवाखाना भरलेला. मी आधीच्या पेशंटची नळी तशीच उचलली, त्यांचे थेंब टाकले. त्यांनी पाहिलं.

"भाऊ, नळी धुतली न्हाई."

आवाज चढवून नव्हे. चूक दाखवायची तितकीच. पण बाकावरची चार माणसं हसली. पाटील हसले. माझ्या कानशिलात आग उठली. तिनं मला शिकवावं? तिनं? — हा 'तिनं' कुठून आला होता, हे तुम्हाला समजलं असेल. मला तेव्हाही समजत होतं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर गयाबाईंचा कागद होता. गोळ्या वाढवूनही रंग उतरत नव्हता, वजन मात्र उतरत होतं. म्हणाले, "उतारवयात अशी एकाएकी साखर निघाली, त्यात वजन घटतंय, पाठ दुखतीय... बाई खरंच पथ्य पाळत असंल तर आत दुसरं काही हाय का, ते बघाया पाहिजे. औरंगाबादला पाठवावं लागंल. तुला काय वाटतं? पाळते का?"

इथं मी थांबलो तर चालेल का? — नाही. सांगतो.

आदल्या बाजाराच्या दिवशी मी गयाबाईंना गोडीशेव घेताना पाहिलं होतं. घेताना. शेजारीच वस्तीतली दोन पोरं उभी होती. पुडी त्यांनी तिथल्या तिथं पोरांच्या हातात दिली, तेही मी पाहिलं होतं. आणि डॉक्टरांना म्हणालो, "न्हाई साहेब. बाजारात गोडीशेव खाताना पाह्यलं मी. डोळ्यांनी."

एवढंच. एक वाक्य.

डॉक्टर चिडले. गयाबाईंना आत बोलावून खूप बोलले. त्यांनी एकदाच सांगितलं, "म्या खाल्लं न्हाई." डॉक्टर म्हणाले, माझ्या माणसानं पाहिलंय. त्यावर त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. औरंगाबाद राहून गेलं. गोळ्या वाढल्या. आणि गयाबाईंनी — ऐका — मोजून खायच्या त्यातलीही अर्धी भाकरी कमी केली. आपलंच कुठंतरी चुकत असेल म्हणून. वाळणारी बाई अजून उपाशी राहिली.

तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले. शांताबाईंनी कुणाला न विचारता एसटीत बसवून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पोट उघडलं आणि तसंच शिवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आमचे डॉक्टर खुर्चीत बसूनच राहिले. मला म्हणाले, त्या पिंडात गाठ वाढायला लागली की कधीकधी सगळ्यात आधी दिसते ती साखरच. आपण साखरेवर औषध देत बसतो. लवकर कळून ती वाचली असती असं नाही, हेही म्हणाले. हे दुसरं वाक्य मी नीट जपून ठेवलं. किती वर्षं वापरलं म्हणता! पण ती भूक? ते डॉक्टरांसमोर खोटारडी ठरणं? त्याला ते वाक्य पुरत नाही.

शेवटी शेवटी त्यांनी मला निरोप धाडला. शांताबाईंच्या खोलीवर गेलो. दुपार होती. त्या भिंतीला टेकून बसलेल्या, हातापायांच्या काड्या, पण केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी लेकीला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी पिईपर्यंत थांबल्या. मग शांताबाईंना बाहेर पाठवलं.

"तुम्ही मला खाताना पाह्यलं न्हाई," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान हलवली. नाही पाहिलं म्हणून.

"मंग एवढं डॉक्टरला सांगा. माझं झालं आता. पर उद्या आणखी कोणी म्हातारं माणूस येईल, त्याला साखर निघंल, पथ्य करूनबी वाळत जाईल. त्याचं तरी खरं मानलं पाहिजे का न्हाई?"

मरणाच्या दारात बसून ही बाई दुसऱ्या कुणाचा तरी विचार करत होती, जो अजून आलाही नव्हता. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. असं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मी म्हणालो, सांगतो. आठव्या दिवशी त्या गेल्या.

मी सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू. नोकरी जाईल, अब्रू जाईल. आणि डॉक्टर मात्र पुढं प्रत्येक साखरेच्या पेशंटला गयाबाईंची गोष्ट सांगू लागले. "माझ्याशी खोटं बोलू नका. एक बाई होती, चोरून गोड खायची. तिच्या खोट्यापायी तिचा कॅन्सर मला साखरेमागं दिसला नाही." वर्षानुवर्षं. मी पलीकडं पुड्या बांधायचो.

एकदा शांताबाई पोराला ताप म्हणून घेऊन आल्या होत्या. आत डॉक्टर कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होते. नाव घेत नसत, पण लेकीला आई ओळखू येणार नाही का? त्या उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना आईनं काही सांगितलं होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. मी म्हणालो, "नंबर येईल तुमचा, बसा."

त्यांनी तापलेलं पोर खांद्यावर घेतलं आणि उन्हात निघून गेल्या. पुन्हा आमच्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत.

गयाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मी बोललो होतो.