सोनवणे बाईंनी मामांना हात जोडले

सोनवणे बाई कुणाच्याबी घरी गेल्या की आधी भिंतीपाशी जायच्या. पाणी नको, बसणं नको, आधी वाकडे फोटो सरळ करायच्या. कॅलेंडर मागच्या महिन्याचं असलं तर पान फाडून यजमानाच्या हातात द्यायच्या. "भिंत आधी बोलते, माणसं नंतर," म्हणायच्या. शिरूरला आमच्या कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवायच्या. बारक्याशा, चष्मा दोरीला बांधलेला, आन् आवाज असा की बाहेर शिपाईबी ऐकत उभा.

आमच्या न्हावरे गावातल्या घरी त्या एकदाच आल्या, आन् त्या दिवशी मला वाटलं, संपलं सगळं.

झालं काय, दहावी झाली की माझं लग्न लागलं, पोरगी झाली परी, ती चालायला लागली तवा ह्यांनी घरात कसंबसं बोलून माझं अकरावीचं अॅडमिशन केलं. एक विषय निवडायचा राहिलेला, सोमवारी ऑफिसात सांगायचा. सहकार, न्हाईतर चित्रकलेचा इतिहास. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा दूध डेअरीचे नवे डायरेक्टर, ते म्हणले, "सहकार घ्यायचा. न्हाई तर घरी बसायचं." पर माझं मन दुसरीकडंच. अॅडमिशनच्या दिवशी बाईंनी मला अजिंठ्याचं एक चित्र दाखवलेलं, आई आन् लेकरू बुद्धापुढं उभी. "काय दिसतं?" म्हणाल्या. मी भीत भीत म्हणले, "तिला मागायचंय पर धीर न्हाई, म्हणून पोराला पुढं करतीय." मीबी घरात तसंच करते ना! बाईंनी चष्म्यावरनं बघत, घरी विषयावरनं कोण अडवतंय ते विचारून घेतलं. "रविवारी तुझ्या घरी येते," म्हणाल्या.

आल्या. सरळ भिंतीपाशी. आता मामा डायरेक्टर झाले तवा लोकांनी घातलेला चंदनाचा हार सासूबाईंनी कौतुकानं मामांच्याच फोटोला अडकवलेला, आन् शेजारी आजेसासऱ्यांचा हारवाला फोटो. मी चहा टाकायला आत, सांगणार कोण? बाईंनी फोटो सरळ केला, हात जोडले, डोळे मिटले.

"फार लवकर गेले हो. कधी झालं?"

मागनं मामा, हातात दुधाची बादली. "अजून न्हाई झालं."

बाईंनी डोळे उघडले, मामांकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. "फोटोत जास्त शांत दिसताय," म्हणाल्या. मी दाराआड तोंडात पदर कोंबला, हसू आन् रडू एकदमच. गेला विषय, गेलं कॉलेज.

मामा खवळले. "चित्रांचा इतिहास शिकून ही करणार काय? फ्लेक्स वाचणार?"

"तुम्हाला येतो का वाचता?" म्हणत बाई निघाल्याच अंगणातनं रस्त्यावर, मागनं मामा, सासूबाई, परीचं बोट धरून मी. कोपऱ्यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. "हे बघा. जुन्या चित्रात राजा मोठा, चाकर बारका. इथं तेच. साहेब केवढे! उजव्या हाताला त्यांचा मेव्हणा. साहेब वर बघतात, म्हणजे खालच्या कुणाशी बोलायला नको. आणि तुम्ही कुठंयत?"

मामांनी शोधलं. पार खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, तिकिटाएवढे. त्यांच्या वरच्या रांगेत गावातलेच त्यांचे विरोधक, गॉगल लावून.

"आयला! ह्ये मुद्दाम केलंय व्हय?"

"चित्रात चुकून काही नसतं, डायरेक्टर."

मामांनी आपल्या फोटोवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग माझ्याकडं वळले. "सारिका, ह्योच विषय घे. घरात एक तरी माणूस पायजे ह्ये ओळखणारं."

मला वाटलं जमलं. पर बाईंनी हात वर केला. "मामांचं झालं. तुझं काय? खरं सांगते, सहकारात मार्क सहज मिळतात. ह्यात नोकरी लागल असं मी म्हणणार न्हाई. आणि मी मार्चात रिटायर, बारावीला कोण येईल ठाऊक न्हाई."

मी परीला उचलून पुढं घेतलं.

"पोरीला खाली ठेव आणि बोल," बाई म्हणाल्या.

ठेवली. पदर सावरला. मामा बघतायत, सासूबाई बघतायत, "चित्रांचाच घ्यायचाय मला," म्हणले, "मामा हो म्हणले म्हणून न्हाई. मला आवडतं म्हणून." आयुष्यात एवढं लांब वाक्य मी मामांसमोर पहिल्यांदाच बोलले.

मामा म्हणले, "मग आधीच बोलायचं की!"

मार्चात बाई कायमच्या दौंडला निघाल्या, लेकाच्या रेल्वे क्वार्टरात. मी शिरूरच्या स्टँडवर सोडायला गेले. म्हणले, "बाई, बारावीचं लई भ्या वाटतंय."

"वाटू दे. भ्यालेलं माणूस नीट बघतं. बिनधास्त माणसाला काही दिसत न्हाई."

एस्टी हलली. मी भ्यालेलीच होते, म्हणून सगळं दिसलं: पत्र्यावर वाळलेला चिखल, खिडकीतनं बाहेर आलेला बाईंचा हात, आन् मागनं ओरडणारा कंडक्टर, "ओ आजी, हात आत घ्या!"

आन् गाडी वळेपर्यंत बाईंचा आवाज, "आजी कुणाला म्हणतोस रे? नीट बघ आधी!"