गव्हावर ज्वारी

लिंबागणेशच्या कडूबाईला कुणी तोंडाळ म्हणावं, हट्टी म्हणावं, पण नातीला उपाशी ठेवली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. लेक सोमनाथ अन् सून कोयते घेऊन ऊसतोडीला गेली की घरात उरायची म्हातारी, शेरडं अन् आठ वर्षांची सुकन्या. ज्वारीची भाकर खायला आपण हाओत की! आईबापावाचून राहिलेल्या लेकराला मात्र पाव्हण्यासारखी गव्हाची चपाती, वर दूध. पोरगी वाळत चालली, पोट तेवढं फुगलेलं, सारखी परसाकडं धावायची; तसतशी म्हातारी चपात्या वाढवत गेली. आता काय म्हणावं या मायेला!

एकदा सुकन्यानं ताटातली चपाती शेरडीपुढं टाकली. "आज्जे, मला भाकर दे. चपातीनं पोट दुखतंय."

कडूबाईनं थोबाडीत ठेवून दिली. "अन्न फेकतीस? लोक म्हणतील, आईबाप उसाला गेले अन् आजीनं भाकरीवर ठेवली." मग समोर बसून सगळी चपाती संपवायला लावली. पोर रडत रडत गिळत होती.

उन्हाळ्यात सोमनाथनं तिला बीडच्या डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कण काढून पाहिला. "हा सिलिॲक नावाचा आजार," डॉक्टर म्हणाले. "गहू हिच्या आतड्याला सोसत नाही. चपाती, रवा, शेवया, बिस्किटं जन्मभर बंद. ज्वारी-बाजरी खुशाल द्या." घ्या! करायला गेली गणपती अन् झाला मारुती. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कडूबाईला झालं. पण थोबाडीत मारल्याबद्दल ती कुणाजवळ चकार शब्द बोलली नाही.

घरातला गहू तिनं शेजारीपाजारी देऊन टाकला. पावसाळाभर सगळ्यांना भाकरच. तरी दसऱ्याच्या आधी रक्त पुन्हा तपासलं तर फरक थोडाच. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी घरचं ज्वारीचं पीठ मागवलं, कसल्याशा पाण्यात हलवलं अन् त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीवर लाल रेघ उमटली.

"यात गहू आहे," बाई म्हणाल्या.

सोमनाथनं आईकडं पाहिलं. "आये, पीठ तूच आणतीस ना? तुला हिला सांभाळणं झेपत नसंल तर यंदा हिला संग नेतो."

तेवढ्यात सुकन्या म्हणाली, "म्याच मिसळलं. शेजारून आणून. मला चपाती लई आवडती."

खोटं! साफ खोटं! आजीपाशी राहायला मिळावं म्हणून पोर सगळं अंगावर घेत होती. कडूबाईला ते सोसेना.

"हिनं न्हाई," ती म्हणाली. "गिरणीत गव्हावर गहूच दळ, म्हणून म्या भांडायची, चपाती मऊ व्हावी म्हणून. ज्वारी कशावर दळली ते कधी पाह्यलंच न्हाई. आधीच्या गव्हाचं पीठ गिरणीत ऱ्हातंच की. अन् हिला कसली आवडती चपाती! पोट दुखतंय म्हणली, तर म्या थोबाडीत मारून चारली हिला."

सोमनाथनं ज्वारीचं पीठ पिशवीत गुंडाळलं. मग म्हणाला, "उसाच्या फडावर हिला वेगळं दळून कोण देणार? घरी हातानं दळायला आपलं जातं हाय. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं म्हातारीला.

बाहेर आल्यावर सुकन्या फणकारली. "कावून सांगितलंस गं? मला फडावर नेलं असतं म्हंजी?"

कडूबाईनं तिचा हात धरला. "तवा थोबाडीत लई लागलं व्हतं का गं?"

सुकन्यानं थोडा विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "लई."