नानांचा अंगठा आणि मालगाडी

"हालस, मना आंगठा हालस," असं नाना तीन आठवडे सांगत होते आणि आम्ही घरातले सगळे तीन आठवडे "हो हो" म्हणत होतो. अर्धांगाच्या झटक्यानं माझ्या वडिलांची डावी बाजू गेली होती. पाय हळूहळू उचलायला लागला, हात मात्र उशीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताई मूळच्या चाळीसगावच्या. त्यांनी शेवटी मला अंगणात गाठून सांगितलं, "हाताचा काही प्रतिसाद नाही. सोमवारपासून सगळा वेळ पायालाच देऊ." नानांना ते खिडकीतून ऐकू गेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मला स्वतःचाच राग आला. हा माणूस खोटं कशाला बोलेल? आयुष्यभर भुसावळच्या यार्डात गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकून नुसत्या आवाजावरून तडा ओळखलाय त्यांनी!

मी जळगावला एका इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. तिथं अंतर मोजणारा एक सेन्सर कपाटात पडून होता, करंगळीच्या नखाएवढा. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर सांगतो. पण गडी भलताच चंचल. भिंतीसमोर धरला तरी आकडे दोन-तीन मिलिमीटर मागंपुढं नाचतात, आणि नानांचा अंगठा हलत असलाच तर त्याहून कमीच हलणार. मग सुचलं, एका आकड्यावर विसंबायचंच कशाला? भराभर पुष्कळ आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायची, म्हणजे नाचणं आपोआप जिरेल. कॉलेजात टेबलावर सेन्सरखाली कागदांची चळत ठेवली आणि चार-चार कागद, म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही, काढत गेले. दरवेळी पडद्यावरची उंचीची रेघ एक पायरी खाली उतरली. रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकटीनंच टाळ्या पिटल्या.

रविवारी दुपारी आईची शेवया वाळवायची काठी खिडकीच्या गजाला बांधली. तिच्या टोकाला सेन्सर, बरोबर नानांच्या अंगठ्यावर. नखावर पांढरा कागद चिकटवला. उन्हाचा त्या सेन्सरला त्रास होतो, म्हणून खिडकीची दारं लावून घेतली.

"नाना, हलवा."

लॅपटॉपवर रेघ सरळ चालली होती, चालली होती, आणि एकदम थरथरत वर उसळली! मी किंचाळलेच. आईनं देवापुढं साखर ठेवली, शेजारच्या अक्का जिलेबी घेऊन आल्या, गल्लीत वाटूनही झाली. मी ताईंना फोन करून आत्ताच्या आत्ता या म्हणून सांगितलं.

ताई आल्या. रेघ पुन्हा उसळली. त्या काहीतरी विचारत होत्या, त्या मध्येच थांबल्या, आणि जरा वेळानं म्हणाल्या, "अहो, ही तर गाडी गेली म्हणून हलली."

"कुठली गाडी?" मी विचारलं, आणि जीभ चावली.

आमच्या घरामागूनच रेल्वेची लाइन जाते. मालगाडी आली की भांडी वाजतात, खाट थरथरते, आणि आम्हाला कुणालाच ते जाणवत नाही. पाहुणे बोलायचे थांबतात, आम्ही आवाज चढवून बोलतच राहतो. तर मी मालगाडीची जिलेबी गल्लीभर वाटली होती. शरमेनं मेल्यासारखं झालं. नानांकडं बघायची हिंमत होईना.

पण नाना शांत होते. म्हणाले, "गाडी काय मोजीसन हालस का? मी मोजीसन हालावस. तीन दाव, मंग थांबस, मंग दोन दाव. देख."

चाक तपासायची त्यांची रीतच ती. लहानपणी त्यांचा डबा घेऊन यार्डात जायचे तेव्हा ऐकलेली. तीन ठोके, मग कान देऊन थांबणं, मग दोन ठोके.

ताईंनी मागच्या दारात जाऊन रूळ पाहिला आणि मोकळा आहे म्हणून हात केला. मी पडद्याला नजर लावून बसले. रेघेवर एक छोटासा उंचवटा आला. मग दुसरा. मग तिसरा. मग सपाट, किती तरी वेळ सपाट. आणि मग पुन्हा एक, आणि सगळ्यांत ठेंगणा असा शेवटचा एक. अंगठ्याकडं पाहिलं तर तो जागचा हललाय असं अजिबात वाटत नव्हतं.

"नाना, परत," ताई म्हणाल्या. परत तसंच. तीन, आणि दोन.

ताईंनी पायाकडची खुर्ची उचलली, खाटेच्या डाव्या बाजूला आणून ठेवली आणि नानांचा हात आपल्या हातात घेतला. "सोमवार कशाला, हाताचं आत्तापासूनच सुरू करू," म्हणाल्या.

नानांनी पडद्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते.

"पटनं का आते?"

"चुकलं माझं, नाना," एवढंच मला म्हणता आलं, आणि त्यांच्या नखावरचा तो कागद सोलता सोलता मी ढसाढसा रडले.