बाटलीतला कापूस

बाटलीत दोनच गोळ्या उरल्या होत्या. परवाचा मंगळवार चुकला, की पुढची बाटली थेट आठवड्याने. आईच्या डोक्यातून हे काही केल्या जाईना. लेक मात्र फोनवर खुशाल म्हणाली होती, "चार-पाच दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही गं."

घरात तिला सगळे सुतळी म्हणत. अंगाने काडी, पण तुटायचं नाव नाही. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची. वेल्डिंग करणाऱ्या एका मुलाने दुसऱ्याच भेटीत तिला सांगितलं, "मला एचआयव्ही आहे. औषध रोज घेतो. उठून जायचं तर आत्ताच जा." ती उठली, पण आणखी एक चहा सांगायला. लग्नाला आईने होकार दिला खरा, पण दोन वर्षांत जावयाला एकदाही फोन केला नाही.

जावयाचं औषध नीट लागू पडतंय का, हे सांगणारं यंत्र वस्तीतल्या आरोग्य केंद्रात नव्हतं. रक्त शहरात जायचं, निकालाला महिने लागायचे. तोवर सुतळीने स्वतः रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे तिला लागण होणार नाही, असं केंद्रातल्या सिस्टरने ठरवून दिलं. बाटली खुळखुळली की कारखानाभर चौकश्या. म्हणून सुतळीने आत कापूस कोंबला आणि बाटली रिळांच्या डब्यात ठेवली. अकराच्या घंटेला घोटभर पाणी, झालं काम.

शेजारच्या मशिनवर बटणांची काजं करणारी एक काजवाली होती. तिचा नवरा सहा महिन्यांनी घरी यायचा, आणि येताना काय घेऊन येईल याचा भरवसा नव्हता. केंद्रात जावं तर लोक बघतील, ही धास्ती. सुतळीने निम्म्या गोळ्या तिला दिल्या. दोघी एक दिवसाआड घेऊ लागल्या. हे सुतळीने आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"अगं, एका छत्रीत दोघी गेल्या की दोघींचे खांदे भिजतात!" आई ओरडली.

आईच्या धाकाने दोघी केंद्रात गेल्या, तेव्हा सिस्टरने तर पिसंच काढली. "ही काय शेजारणीला द्यायची वाटीभर साखर आहे? तेही तिची तपासणी न करता?" दोघींचं रक्त तपासलं, महिन्याने पुन्हा तपासलं. लागण कोणालाच नव्हती. काजवालीला स्वतःची बाटली मिळाली.

"बघ, माझ्या चुकीमुळेच ती केंद्रात आली," सुतळी म्हणाली.

"तुझ्या जिभेला हाड नाही," आई म्हणाली, पण तिलाही हसू आलं.

साठा कमी, म्हणून बाटली महिन्याचीच, आणि तीही फक्त मंगळवारी मिळायची. आणि या मंगळवारी गणवेश पोचवायचे. रजा मागितली तर मशीन दुसरीला.

"मग नवऱ्याला पाठव. कार्ड दाखवलं की घरच्या माणसाला देतात," आईने फोनवर सुचवलं होतं.

"तो आधीच स्वतःला दोष देत असतो, आई. माझ्या गोळीसाठी त्याला आणखी पळवू?"

ही गाठ पोरीने उगाच मारून ठेवली होती. ज्याने दुसऱ्या भेटीतच खरं सांगून टाकलं, तो पळायला का कचरेल? आपल्याला कोणी कधी काही काम सांगत नाही, हेच त्याला लागत असेल. पण सांगणार कोण? सासू, म्हणजे ती स्वतःच, तर मूग गिळून बसलेली.

आईने चष्मा लावला. जावयाचा नंबर वहीत होता, लेकीच्या अक्षरात, कधीच न लावलेला. "जावईबापू, मंगळवारी केंद्रात जायचंय, मीही येते," एवढंच म्हणायचं. तिने फोन उचलला.