तलंगांची घरटी

१८ एप्रिलला सकाळी कोंबड्यांसाठी घरटी करायला घेतली. माझ्या तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या कोंबड्या, सरपणाच्या ढिगात कुठेही अंडी घालत होत्या आणि मुंगूस माझ्या आधी तिथे पोहोचत होतं. अंड्यासाठी कोंबडीला आडोशाची, अंधारी, अंगापुरती जागा लागते. अशा जागा आमच्या घरात होत्या. पुढच्या खोलीत, चादरीखाली, रांगेने मांडून ठेवलेल्या.

नवऱ्याचा कॉम्प्युटर क्लास बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ज्यांना शिकायचं ती मुलं बदनापूरहून जालन्याला जायला लागली, उरलेल्यांना मोबाईल पुरला. खोली मात्र त्यांनी मोडू दिली नाही. दर दसऱ्याला धुतलेले कपडे घालून तिथे पूजा. कॉम्प्युटरच्या प्रत्येक डब्याला, म्हणजे सीपीयूला, हळदकुंकू, झेंडूची माळ, वरून मूठभर अक्षता. डब्याला हवेसाठी भोकं असतात. अक्षता त्यातून आत जात. याचा विचार ना पूजा करणाऱ्याने केला, ना प्रसाद खाणाऱ्यांनी.

या हिवाळ्यात एक बाई मुलीला घेऊन चौकशीला आली. "सर आहेत का?" असं आमच्या दारात किती तरी वर्षांनी कोणी विचारलं. त्यांनी चादर ओढली, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. शेवटी डबा उघडला, तर आत अक्षतांवर पोसलेली उंदरीण व्यालेली. गुलाबी पिल्लं आणि कुरतडलेल्या वायरी. मुलगी किंचाळून मागे सरकली. बाई म्हणाली, "पूजा लागू पडली सर तुमची," आणि निघून गेली. त्यानंतर "उन्हाळ्याच्या सुट्टीत परत सुरू करतो" हे मी रोज ऐकलं. सुट्टी लागली. चादर हलली नाही.

मी भाजी चिरायच्या सुरीने पहिला डबा उघडायला लागले. ते दारात येऊन उभे राहिले.

"काय करून राह्यलीस?"

"घरटी."

सुरीकडे बघितलं. मग म्हणाले, "पेच खराब होतील. सरक. मी काढतो."

आणि त्यांनीच सगळे डबे खोलले. पेच वाटीत, पत्रे एकावर एक, आतला माल पोत्यात, भंगारवाल्यासाठी. इतकं सावकाश काम मला बघवत नाही, पण फुकटचा माणूस होता.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "वहिनी, सर कोंबड्यांची भरती करून राह्यले का?"

"हो. फी अंड्यात."

तेही हसायला गेले. जमलं नाही.

शेवटी उंदरांचा डबा उरला. त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचा.

"एवढा राहू दे."

"चालत न्हाई तो."

"न्हाई चालत. पण एक राहिला तर क्लास बंद पडला असं होत न्हाई."

"चालू का बंद, हे विचारून कोण राह्यलंय?"

त्यांनी डब्यावरची धूळ हाताने पुसली.

"मंग काढा," मी म्हणाले.

काढला. फक्त त्याचा माउस त्यांनी खिशात घातला. जुना, पांढरा, वाटोळा. शिकायला आलेल्या प्रत्येकाचा हात त्यावर ठेवून, वर आपला हात ठेवून, त्यांनी तो फिरवायला शिकवलं होतं.

"हा माझा," ते म्हणाले.

"ठेवा." तेव्हा मला त्याचा उपयोग नव्हता.

डबे लिंबाच्या सावलीत विटांवर आडवे लावले. आत वाळलेलं गवत, पत्रा तापू नये म्हणून वर ओलं पोतं. संध्याकाळपर्यंत तलंगा डब्यांवर चढल्या, हगल्या, पण आत एकही गेली नाही.

शेजारीण म्हणाली, "नव्या कोंबडीला काय कळतंय? आत अंड्यासारखं काही तरी ठेवा, म्हणजे बसल. कांदा नका ठेवू, टोचून खाईल. टणक पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर चहा घेत बसले होते. माउस शेजारी, वायर नीट गुंडाळलेली. मी तो उचलला आणि पकडीने वायर कापली.

"अगं, तो..."

"चहा घ्या सर. गार होऊन राह्यला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना सर म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्यांच्याच टेबलावरच्या डब्यात, गवताला खळगा करून, मी माउस ठेवला. एक तलंग आली, मान वाकडी करून बघितलं, आत शिरली आणि त्यावर बसली. त्यांनी कप खाली ठेवला आणि घरात गेले.

वायर चांगली मजबूत होती. तिने मी खुराड्याचं दार बांधलं.